पानिपतचा कालवा आणि नगरांचे रस्ते

पानिपतच्या मैदानाला एक इतिहास असा आहे की, ज्यात १५२६, १५५६ आणि १७६१ ही तीन वर्षे ओझरती येऊन जातात. तो तेथल्या पाण्याचा इतिहास होय. मराठी मनाला पानिपत ओळखीचे झाले ते १४ जानेवारी १७६१ या एका दिवसामुळे, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या दिवसाच्या आधी चारशे वर्षे आणि त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे तेथल्या रहिवाशांना जो प्रश्न पिढ्यानपिढ्या छळत आला, तो रणांगणातला नव्हता. वाहत्या पाण्याच्या वाटेवर माणसाने रस्ता, भराव किंवा दुसरा कालवा घालावा काय, आणि घालावयाचा तर कोणाच्या अधिकाराने व कोणत्या मर्यादेत, हा तो प्रश्न. पुढे मोठमोठ्या नगरांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. उत्तर हिंदुस्थानात त्याला कायद्याचे रूप ज्या अनुभवांतून आले, त्यांत पानिपत-कर्नालच्या टापूने सोसलेल्या हालांचा वाटा मोठा आहे.

पानिपत या नावात पाणी ऐकू येते खरे. पण लोकपरंपरा त्याची उपपत्ती निराळी सांगते. पांडवांनी कौरवांपाशी जी पाच गावे मागितली, त्यांत पाणिप्रस्थ हे एक होते आणि इंद्रप्रस्थ, सोनीपत, बागपत व तिलपत ही इतर चार, असा तिकडे समज आहे. ते काहीही असो. पाण्याचा आणि या गावाचा संबंध नावापेक्षा जमिनीतच अधिक स्पष्ट दिसतो. जुने पानिपत एका उंचवट्यावर वसलेले आहे. हा उंचवटा निसर्गाने दिलेला नसून शतकानुशतके पडलेल्या आणि पुन्हा उभारलेल्या घरांच्या ढिगाऱ्याने तो तयार झाला आहे. त्याच्या खालून एके काळी यमुना वाहत असे. पुढे नदी पूर्वेकडे सरकली आणि तिने सोडलेला सखल पट्टा मागे राहिला. त्या पट्ट्याला तिकडे खादर म्हणतात, आणि जुन्या काठाच्या वरच्या अंगाला जी विस्तीर्ण सपाट जमीन आहे तिला बांगर म्हणतात.

बांगराची जमीन पाहणाराला ती परातीसारखी सपाट वाटते. पण पाण्याला तिचे उतार बरोबर ठाऊक असतात. पावसाळ्यात शेतांवर पडलेले पाणी उथळ, रुंद, अर्धवट दिसणाऱ्या खळग्यांतून अतिशय मंद गतीने पुढे सरकत जाते. वर्षातले आठ-नऊ महिने हे खळगे कोरडे असतात. त्यांत गुरे चरतात, कोणी नांगर घालतो, कोणी पायवाट पाडतो. आपल्याकडचा सह्याद्रीतला ओढा गर्जना करीत येतो आणि आपली वाट सर्वांना बजावून सांगतो. बांगरातला निचरा तसा नाही. तो मुका आहे. म्हणूनच राज्यकर्त्यांना आणि त्यांच्या स्थापत्यविशारदांना त्याचा वारंवार विसर पडला.

या प्रदेशात यमुनेचा कालवा प्रथम आणला तो फिरोजशहा तुघलकाने, चौदाव्या शतकाच्या मध्यास. हिसार येथे त्याने नवे नगर वसविले होते आणि त्याला पाणी हवे होते. त्याच्यामागून कालवा गाळाने भरला. अकबराने १५७०-७१च्या सुमारास तो पुन्हा खोदविला, रुंद केला, त्याच्या दोन्ही काठांना सावलीची व फुलांची झाडे लावण्याची आज्ञा केली आणि राजपुत्र सलीमच्या लाडक्या 'शेखू' या नावावरून त्याचे नाव ठेवले. या कामासाठी त्याने दिलेली सनद पुढे एका तरुण इंग्रज लेफ्टनंटाच्या हाती लागली. त्याने १८४६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तिचे भाषांतर छापले आणि त्याला 'अकबर बादशहाचा कालवे कायदा' असे नाव दिले. हा लेफ्टनंट म्हणजे हेन्री यूल. मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताचा संपादक आणि 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाचा एक कर्ता म्हणून तो पुढे जगाला ठाऊक झाला. त्या वेळी मात्र तो कालव्यांवरचा एक साधा अधिकारी होता. त्याची गाठ याच कथेत पुढे पुन्हा पडावयाची आहे.

शाहजहानने दिल्लीस नवी राजधानी बांधली तेव्हा या कालव्याची एक शाखा पानिपतच्या बाजूने दिल्लीकडे वळविण्यात आली. हे काम अली मर्दानखान या अमिराच्या नावाने प्रसिद्ध आहे. या कामाविषयी जी हकीकत सांगितली जाते ती मोठी बोधक आहे. आरंभी ही नवी शाखा पानिपतच्या नैर्ऋत्येस असलेल्या गोहानाच्या रोखाने नेण्यात आली. तेथे जमीन सखल होती. पावसाचे पाणी पूर्वापार तेथे साचून पुढे जात असे. त्या नैसर्गिक वाटेवर कालव्याचे पाणी येऊन पडले, काठ फुटले, आणि लोंढ्याने रोहतकजवळचे लालपूर नावाचे नगर धुऊन नेले. त्यानंतर कालव्याची रेघ बदलण्यात आली आणि दिल्लीच्या अलीकडे जेथे नजफगडचा नाला आडवा येतो, तेथे त्या नाल्याची वाट मोकळी ठेवून दगडी पुलावरून कालव्याचे पाणी पलीकडे नेण्यात आले. बादशहाच्या सत्तेला त्या काळी कोणी जाब विचारणारा नव्हता. तरीही एका नाल्याला तिला वाट द्यावी लागली.

दिल्लीत शिरल्यावर या पाण्याची शोभा काही निराळीच होती. लाल किल्ल्याच्या महालांतून ते 'नहर-इ-बिहिश्त' या नावाने संगमरवरी पाटातून खेळत असे, आणि शाहजहानची कन्या जहानआरा हिने १६५० साली वसविलेल्या चांदणी चौकाच्या मधोमध त्याचा एक पाट वाहत असे. राजधानीच्या मुख्य रस्त्याच्या मध्यभागी पाणी आणि दोहो बाजूंना दुकाने, अशी ती रचना होती. रस्ता आणि जलमार्ग हे एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत असे नाही, याचे हे चांगले उदाहरण. मात्र तो पाट माणसाने केलेला होता. त्याला राखणदार होता, कर होता, गाळ काढणारे हात होते. अठराव्या शतकात बादशाही खिळखिळी झाली तसे हे हात नाहीसे झाले आणि शतकाच्या मध्यानंतर पाणी दिल्लीपर्यंत पोचेनासे झाले.

याच काळात मराठे उत्तरेत आले. १७६०च्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत होते आणि यमुना दुथडी भरून वाहत होती. नदी पलीकडचा अब्दाली अलीकडे येऊ शकत नाही, या विश्वासावर ते कुंजपुऱ्याकडे गेले व १७ ऑक्टोबरला त्यांनी ते ठाणे घेतले. पुढच्या आठवड्यात अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून यमुना ओलांडली आणि तो दिल्ली व मराठे यांच्यामध्ये येऊन बसला. मराठ्यांनी पानिपतच्या आश्रयाने छावणी केली आणि गावाभोवती रुंद खंदक खणला. मोहिमेच्या भवितव्याचा निर्णय पुष्कळ अंशी पाण्यानेच केला होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. असो; तो विषय मराठी वाचकांना नवा नाही.

इंग्रजांचा अंमल आल्यावर दिल्लीचा कालवा पुन्हा सुरू करण्याचे काम १८१७ साली कॅप्टन ब्लेन याच्याकडे देण्यात आले आणि १८२० साली पाणी पुन्हा दिल्लीत आले. लोकांनी आनंद केला. परंतु या आनंदात एक चूक झाकून गेली. नवा कालवा काटकसरीसाठी बहुतांशी जुन्याच पात्रातून नेला होता, आणि ते जुने पात्र पुष्कळ ठिकाणी नैसर्गिक खळग्यांतूनच गेलेले होते. जेथे जमीन सखल, तेथे पाणी काठाबाहेर जाऊ नये म्हणून दोहो बाजूंना मातीचे उंच भराव घालण्यात आले. त्या भरावांनी आडवे येणारे पावसाचे पाणी अडविले. पाटचाऱ्या गावागावांनी आपापल्या सोयीने काढल्या. त्याही निचऱ्याच्या वाटा छेदून गेल्या. पूर्वी जे पाणी चार दिवसांत वाहून जाई, ते आता चार महिने साचून राहू लागले.

परिणाम दिसावयास वीस वर्षेही लागली नाहीत. कर्नाल येथे इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. तेथे तापाने माणसे इतकी आजारी पडू लागली की, १८४०च्या दशकाच्या आरंभी ती छावणी मोडून अंबाल्यास हलवावी लागली. गोऱ्या पलटणीला दुसरीकडे नेता आले. गावकरी कोठे जाणार? त्यांच्या जमिनीत पाण्याची पातळी वर आली, आणि तिच्याबरोबर मातीतला क्षारही वर आला. शेतांवर पांढरी साय धरू लागली. या खारट पुटाला तिकडे 'रेह' म्हणतात. ज्या कालव्याने दुष्काळ टाळावयाचा, त्यानेच चांगली जमीन नापीक केली.

सरकारला याची दखल घ्यावी लागली ती एका वेगळ्या कारणाने. गंगेचा प्रचंड कालवा काढण्याची योजना तेव्हा हाती होती. कालव्यांमुळे रोगराई होत असेल तर ती योजनाच संकटात येत होती. म्हणून १८४५ साली तीन अधिकाऱ्यांची समिती नेमण्यात आली. कालव्यांचे अधीक्षक मेजर बेकर, शल्यचिकित्सक डेम्प्स्टर आणि तिसरा आपला ओळखीचा लेफ्टनंट यूल. डासांचा आणि हिवतापाचा संबंध सिद्ध होण्यास अजून पन्नास वर्षे होती. ताप दूषित हवेने येतो अशीच तेव्हाची समजूत होती. तरीही या तिघांनी जी पद्धत अवलंबिली ती आश्चर्य वाटावे इतकी शास्त्रशुद्ध होती. गावोगाव जाऊन ते मुलांची व मोठ्यांची पोटे हाताने चाचपून पाहत. वारंवार हिवताप येणाऱ्याची पानथरी वाढते. ती किती जणांची वाढली आहे, याची गावनिहाय मोजदाद त्यांनी केली आणि तिची तुलना जमिनीचा प्रकार, पाण्याची पातळी व निचऱ्याची स्थिती यांच्याशी केली. वाढलेल्या पानथरीच्या प्रमाणावरून हिवतापाचा जोर ठरविण्याची ही रीत डेम्प्स्टरच्या नावावर आहे, आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ती जगभर वापरली गेली.

समितीने १८४७ साली अहवाल दिला. त्याचा आशय असा: कालवा असणे हे रोगाचे कारण नव्हे. जेथे माती चिकण आहे आणि निचरा तुंबला आहे, तेथे कालव्याने हाहाकार केला आहे. जेथे जमीन रेताड असून पाण्याला वाट आहे, तेथे कालव्याकाठची गावे इतर गावांइतकीच निरोगी आहेत. म्हणून नवा कालवा शक्य तो जमिनीच्या पातळीखालून न्यावा, आणि देशाच्या नैसर्गिक निचऱ्याच्या वाटा अडवू नयेत. पानिपत-कर्नालच्या गावकऱ्यांच्या पोटावर हात ठेवून काढलेला हा निष्कर्ष होता.

त्याचा लाभ मात्र आधी दुसऱ्यांनाच मिळाला. ८ एप्रिल १८५४ रोजी गंगेच्या कालव्यात पाणी सोडण्यात आले. त्याचा कर्ता प्रॉबी कॉटली याने रुडकीच्या परिसरात आडव्या येणाऱ्या प्रत्येक प्रवाहाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वाट दिली आहे. राणीपूर आणि पथरी या डोंगरी नाल्यांचे लोंढे कालव्याच्या डोक्यावरून बांधीव पात्रातून पलीकडे जातात. सोलानी नदी कालव्याच्या पायाखालून जाते, आणि धनौरी येथे नाला व कालवा एकाच पातळीवर दरवाजांच्या साहाय्याने एकमेकांना ओलांडतात. एका कालव्याने चार जुन्या प्रवाहांना असा मान द्यावा, हे दृश्य आजही रुडकीस जाणाराने पाहण्यासारखे आहे.

पानिपतला मात्र वाट पाहावी लागली. १८७२ ते १८८० या काळात पानिपत तहसील आणि कर्नाल परगण्याची जमाबंदी करणारा डेन्झिल इबेटसन हा बारीक नजरेचा अधिकारी होता. त्याचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना हा महसुली दप्तरातला कागद आहे याचा विसर पडतो. साचलेल्या पाण्याची डबकी, पांढरे पडलेले शेत, तापाने खंगलेली माणसे आणि गुरे यांचे वर्णन त्यात येते; आणि कालव्याची रेघ चुकल्यामुळे हे घडले, हा ठपका सरकारी अधिकारी सरकारवरच ठेवतो. याच सुमारास ताजेवाला येथे नवा बांध झाला होता. पुढे दिल्ली शाखेची रेघ बदलण्यात आली, निचऱ्याचे नाले खोदण्यात आले आणि दलदल हळूहळू ओसरली. मध्यंतरी दोन पिढ्या गेल्या होत्या.

या दोन पिढ्यांच्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १८७३ सालचा आठवा कायदा झाला. उत्तर हिंदुस्थानातील कालवे आणि जलनिस्सारण यांचा हा कायदा वरवर पाहता रुक्ष आहे. त्याच्या प्रस्तावनेतच सरकारने सर्व नद्या, ओढे व तळी यांच्या पाण्याचा सार्वजनिक कामासाठी वापर करण्याचा व त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आपल्याकडे असल्याचे सांगून टाकले आहे. पण हा अधिकार सांगणाऱ्या कायद्याने रस्ता आणि पाणी यांच्या भांडणात काही मर्यादाही घातल्या, आणि त्यांतच त्याचे खरे महत्त्व आहे.

त्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे सरकारने कालवा काढला, तर आसपासच्या रहिवाशांना तो ओलांडण्यासाठी सरकारच्याच खर्चाने वाजवी सोय केली पाहिजे. तशी सोय नाही अशी तक्रार पाच जमीनमालकांनी सह्यांनिशी केली, तर कलेक्टरने तिची चौकशी केलीच पाहिजे. पाच सह्या! साम्राज्याच्या भर दुपारी पानिपतच्या पाच जाटांना सरकारी कालव्यावर पूल मागण्याचा हक्क कागदावर मिळाला होता. अठरावे कलम याहून मार्मिक आहे. पाटचारी वापरणाऱ्यांनी सार्वजनिक रस्ता, कालवा किंवा निचऱ्याचा नाला यांच्या आरपार पाणी नेण्यासाठी मोरी अगर पूल बांधला पाहिजे, असा हुकूम कालवा-अधिकारी काढू शकतो, पण केव्हा? जर तो रस्ता किंवा नाला ती पाटचारी होण्यापूर्वीपासून वापरात असेल तर. म्हणजे जो आधी होता त्याची वाट अभंग राहील आणि जो मागाहून आला त्याने आपल्या खर्चाने ती मोकळी ठेवावी. रस्ता आधीचा असेल तर पाणी नमेल. मग पाणी आधीचे असेल तर रस्त्याने नमावे, हे न्यायाने ओघानेच येते.

ते पंचावन्नाव्या कलमात आले आहे. नदी, ओढा किंवा निचऱ्याची वाट यांत अडथळा झाल्यामुळे जमिनीला, सार्वजनिक आरोग्याला किंवा लोकांच्या सोयीला बाधा आली असेल अथवा येण्याचा संभव असेल, तर सरकारने अधिसूचना काढून तसा अडथळा करण्यास मनाई करावी, आणि झालेला अडथळा काढून टाकण्याचा हुकूम द्यावा. हा अडथळा खाजगी माणसाचा की म्युनिसिपालिटीचा, शेताचा बांध की रस्त्याचा भराव, असा भेद तेथे केलेला नाही. कालवा किंवा निचऱ्याचे काम अडविणारास पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद सांगितली होती. शिक्षा किरकोळ होती. तत्त्व किरकोळ नव्हते.

तरीही या कायद्यातली उणीव लपविता येत नाही. अडथळ्याविरुद्ध अधिसूचना काढावयाची ती सरकारने. आणि सर्वांत मोठे अडथळे केले होते तेही सरकारनेच. कालव्याचे भराव, पक्क्या सडकांचे भराव, आणि १८९१ साली दिल्लीहून पानिपतमार्गे अंबाला-कालक्याकडे गेलेल्या लोहमार्गाचा भराव, ही सारी सरकारनेच केलेली किंवा सरकारच्या संमतीने झालेली कामे. आरोपी आणि न्यायाधीश एकच असला म्हणजे कलमाची धार किती राहते, हे सांगावयास नको.

नगरपालिकेचे स्थान या रचनेत फार मजेदार आहे. १९११च्या पंजाब म्युनिसिपल कायद्याने गावातले सार्वजनिक रस्ते, गटारे आणि रस्त्याखालच्या मोऱ्या नगरसमितीच्या ताब्यात दिल्या. पण सरकारने जे राखून ठेवले असेल ते वगळून. त्यामुळे रस्ता समितीचा, त्याला छेदून जाणारा कालवा पाटबंधारे खात्याचा, आणि दोहोंखालून झिरपणारे पाणी कोणाचेच नाही, अशी स्थिती झाली. १९६६ साली हरियाणा राज्य वेगळे झाल्यावर त्याने १९७३ साली आपला नगरपालिका कायदा केला आणि १९७४ साली कालवे व जलनिस्सारण यांचा स्वतःचा कायदा करून १८७३च्या कायद्याची जागा भरली. खात्यांची वाटणी मात्र तशीच राहिली. नगराने रस्ता बांधण्याचा आपला अधिकार कितीही मोठा मानला, तरी दुसऱ्याच्या ताब्यातल्या जलमार्गापाशी तो थांबतो, ही मर्यादा त्या वाटणीतूनच येते. ती अडचणीची आहे, कामे खोळंबविणारी आहे, आणि पुष्कळदा हितकारकही आहे.

इंग्लंडात हीच गोष्ट निराळ्या रीतीने झाली होती. लंडन शहराच्या मधून फ्लीट नावाची लहानशी नदी टेम्सला मिळत असे. घाणीने ती तुंबली तेव्हा होलबर्नपासून फ्लीट पुलापर्यंतचा तिचा भाग १७३३ साली झाकण्यात आला आणि वर बाजार भरविण्यात आला. उरलेला भाग पुढे १७६६ साली झाकला गेला. लंडनच्या नगरसंस्थेएवढ्या प्रबळ संस्थेलाही हे केवळ ठराव करून करता आले नाही. पार्लमेंटचा कायदा करून घ्यावा लागला. कायद्याने परवानगी दिली, पण नदीची संमती कोणी घेतली नव्हती. १८४६ साली, ज्या वर्षी यूल अकबराची सनद छापीत होता त्याच वर्षी, या झाकलेल्या नदीत कोंडलेल्या वायूचा स्फोट झाला आणि घाणीच्या लोंढ्याने क्लार्कनवेल भागातली घरे उद्ध्वस्त केली.

दिल्लीत चांदणी चौकाचा पाटही इंग्रजी अमदानीत बुजविण्यात आला. तेथे हानी झाली ती शोभेची. कारण तो पाट, वर म्हटल्याप्रमाणे, माणसाने आणलेला होता, आणि माणसाने आणणे थांबविले की तो थांबत होता. निसर्गाच्या ओढ्याचे तसे नाही. त्याचे उदाहरण पाहावयाचे तर पानिपतहून थेट पुण्यास यावे लागते, आणि त्यासाठी फार मोठी उडी मारावी लागत नाही. पानिपतावर ज्याचा पुत्र विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव पडले, त्या नानासाहेब पेशव्यांनीच पुण्याचा आंबील ओढा वळविला होता.

कसबा पुण्याच्या पूर्वेस नागझरी आणि पश्चिमेस आंबील ओढा, अशा जुन्या गावाच्या दोन सीमा होत्या. कात्रजच्या बाजूने येणारा आंबील ओढा वस्तीजवळून वाहत मुठेला मिळत असे. राजधानी वाढू लागली तेव्हा हा ओढा पश्चिमेकडच्या वाढीच्या आड आला. नानासाहेबांनी त्याला पर्वतीच्या पायथ्याकडून नवी वाट दिली, तेथे तळे केले, आणि कात्रजच्या तलावातून शहराला बंद नळाने पाणी आणले. मोकळ्या झालेल्या भूमीवर पेठा वाढल्या, रस्ते झाले, वाडे उठले. हे काम कर्तबगारीचे होते यात संशय नाही. ओढा बुजविला नाही, त्याला दुसरी वाट दिली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ज्या पर्वतीच्या पायथ्याशी हे पाणी खेळत होते, त्याच पर्वतीवर पानिपतच्या घावाने खचलेल्या नानासाहेबांनी २३ जून १७६१ रोजी देह ठेवला.

चूक झाली ती पुढे. पेशव्यांनी दिलेली नवी वाटही विसाव्या शतकात अरुंद होत गेली. काठांवर वस्त्या झाल्या, भिंती आल्या, पुलांच्या कमानी आल्या. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री दक्षिण पुण्यात अतिवृष्टी झाली आणि आंबील ओढा काठ सोडून वस्त्यांतून धावला. त्या रात्रीच्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने तसेच केले होते. भराव घालून, वळवून, विमानतळाच्या धावपट्टीखालून दडपून मुंबईने तिला नाला ठरविले होते. त्या दिवशी अनेक मुंबईकरांना आपल्या शहरात एक नदी आहे हे प्रथमच कळले.

न्यायालयांनी अलीकडच्या काळात या प्रश्नात जी भूमिका घेतली, तिचा रोख सरकारच्या स्वतःच्या कृतींवर आहे. बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलच्या सोयीसाठी वळविला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये असे सांगितले की, नद्या, किनारे, वने ही सरकारची मालमत्ता नसून लोकांच्या वतीने सांभाळावयाची ठेव आहे. २८ जानेवारी २०११ रोजी पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. तळे बुजवून बांधलेली घरे किंमत घेऊन कायम करण्याचा सरकारी आदेशच त्याने बेकायदा ठरविला. आणि १३ जानेवारी २०१५ रोजी यमुनेसंबंधीच्या निकालात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतले पावसाळी नाले झाकण्यास मनाई केली. नाला झाकला की त्यातली घाण दिसेनाशी होते, नाहीशी होत नाही; आणि गाळ काढण्यासाठी आत शिरणेही कठीण होते. १८७३च्या कायद्यात आरोपीच न्यायाधीश होता. ती उणीव भरून निघावयास सव्वाशे वर्षे लागली, आणि ती कितपत भरली याविषयी मतभेद होऊ शकतील. कारण निकालानंतरही नाल्याशेजारच्या जमिनीचा मोह कोणत्याही नगराला सुटलेला नाही.

आजचे पानिपत त्या ढिगाऱ्यावरच्या गावाच्या कितीतरी पलीकडे पसरले आहे. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी आणि विणकरांनी तेथे हातमागाचा मोठा व्यवसाय उभा केला. १९८९ साली ते जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि २०१० साली महानगरपालिका आली. दिल्लीच्या राजधानी प्रदेशात त्याचा समावेश आहे. ब्लँकेटे, गालिचे आणि पडदे तेथून देशोदेशी जातात, आणि त्यांना रंग देणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी नाला क्रमांक दोनमधून यमुनेत जाते. शंभर वर्षांपूर्वी जे नाले दलदल हटविण्यासाठी प्राणपणाने मागितले जात होते, तसल्या नाल्यांकडे आता सारे नाक दाबून पाहतात. आणि नाक दाबण्यापेक्षा नाल्यावर छप्पर घालणे सोपे, असा विचार नगरांना सुचतो तो येथूनच. कालवा शहराच्या पश्चिम अंगाने अजून वाहतो आणि दिल्लीला पिण्याचे पाणी पुरवितो. यमुना पूर्वेला दूर आहे, शांत आहे, आणि वर्षातला बहुतेक काळ जवळजवळ कोरडी आहे.

११ जुलै २०२३ रोजी ती तशी नव्हती. हिमालयाच्या पायथ्याशी हथिनीकुंड येथे त्या दिवशी सेकंदाला ३ लाख ५९ हजार घनफूट एवढे पाणी नदीत उतरले. ते पानिपतच्या खादरातल्या शेतांवरून पुढे गेले आणि १३ जुलैस दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोचली. इतकी ती मोजणी सुरू झाल्यापासून कधीच चढली नव्हती. लाल किल्ला आणि नदी यांच्यामध्ये जो रुंद वर्तुळमार्ग आहे, तो यमुनेने सोडलेल्या जुन्या पात्रातून काढलेला आहे. शाहजहानच्या काळी नदी किल्ल्याच्या भिंतीखालून वाहत असे. त्या दिवशी वर्तुळमार्ग बुडाला आणि पाणी पुन्हा किल्ल्याच्या मागच्या भिंतीला येऊन लागले. इंद्रप्रस्थ बसस्थानकाजवळ नाला क्रमांक बारा नदीला मिळतो. तेथले पाणी रोखणारे द्वार फुटले आणि नदी उलट्या दिशेने नाल्यातून शहरात शिरली. सैन्याला पाचारण करावे लागले. दुसऱ्या दिवशी, १४ जुलै रोजी, ते पाणी सर्वोच्च न्यायालयाच्या परिसरापर्यंत येऊन थांबले होते.